पिवळा दिवा लागला म्हणून लगेच खर्च नको



आज वहीखात्याचा विषय नाही, गाडीचा आहे. आणि गाडीचा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं कोणी घरात म्हणालं तर त्यांना सांगा की गाडीचा हप्ता कोणाच्या सहीवर चालू आहे ते आधी बघा. डहाणू-तलासरीत गेल्या काही वर्षांत बचत गटाच्या कर्जातून घराघरांत गाड्या आल्या. कोणी तीनचाकी घेतली, कोणी ईको, कोणी अर्टिगा. केंद्र सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानात २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस नावाची योजनाच आली, गटातल्या बाईने गाडी घेऊन गावाच्या रस्त्यावर चालवावी म्हणून. पाड्यावरून डहाणू स्टेशन, तलासरी नाका, कासा बाजार, रात्री कोणाच्या पोटात कळा सुरू झाल्या तर कासा किंवा डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय, ही सगळी ये-जा त्या गाडीवर असते. गाडी गॅरेजात चार दिवस उभी राहिली तर हप्ता काही चार दिवस थांबत नाही.

गॅरेजवाला मोठा आकडा सांगतो आणि आपण मान हलवतो, असा एक बिघाड मी आजसाठी निवडला आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर एक छोटा पिवळा दिवा असतो. त्यात गाडीचं चित्र आणि तिच्यामागे साप गेल्यासारख्या दोन वळवळत्या रेघा. हा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा. काही गाड्यांत याच चित्राला ईएसपी किंवा ईएससी म्हणतात. नावं वेगळी असली तरी तो दिवा घसरण सांभाळणाऱ्या यंत्रणेचा असतो.

ही यंत्रणा करते काय? पावसात लाल मातीच्या चढावर गाडी थांबली आणि ड्रायव्हरने जोरात एक्सिलरेटर दाबला की एक चाक जागीच गरगर फिरतं, चिखल उडवतं, गाडी मात्र हलत नाही. असं चाक फिरायला लागलं की गाडीतला कॉम्प्युटर दोन गोष्टी करतो. इंजिनाचा जोर कमी करतो आणि त्या फिरणाऱ्या चाकालाच थोडा ब्रेक लावतो, म्हणजे जोर दुसऱ्या, पकड असलेल्या चाकाकडे जातो. हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतं.

आता कॉम्प्युटरला कसं कळतं की चाक घसरतंय? त्याला रस्ता दिसत नाही, चिखलही दिसत नाही. त्याला फक्त चार चाकांचा वेग कळतो. प्रत्येक चाकाच्या आत, हबजवळ, एक दातेरी कडं चाकाबरोबर फिरतं आणि त्याच्यासमोर बोटाच्या पेराएवढा सेन्सर बसवलेला असतो. दात समोरून गेला की सेन्सर एक ठोका पाठवतो. पुष्कळ नव्या गाड्यांत दातांच्या जागी बेअरिंगच्या सीलवर बारीक चुंबकांची पट्टी असते, काम तेच. सेन्सर आणि कडं यांत साधारण एका मिलिमीटरची फट असते. चारही चाकांचे ठोके मोजायचे आणि एकमेकांशी ताडून बघायचे, यावर ही सगळी यंत्रणा उभी आहे.

तुम्ही म्हणाल, वळणावर तर चाकं सारखी फिरत नाहीत. बरोबर. तारपा नाच आठवा. तारपा वाजवणारा मध्ये, आणि कमरेत हात घालून नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. आतल्या टोकाची बाई जवळजवळ जागच्या जागी पाय टाकते, बाहेरच्या टोकाच्या पोरीला मात्र पळावं लागतं. तरी साखळी तुटत नाही. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक असंच जास्त पळतं. म्हणून स्टिअरिंगच्या दांड्यावर आणखी एक सेन्सर असतो. स्टिअरिंग किती वळलंय ते तो सांगतो, आणि त्यावरून कोणत्या चाकाने किती पळायला हवं हे कॉम्प्युटर ठरवतो. साखळीतल्या एका बाईचा पाय चुकला की सगळ्यांना जाणवतं. तसंच एका सेन्सरचे ठोके चुकले की कॉम्प्युटर म्हणतो, माझा भरवसा उडाला, मी यंत्रणा बंद करतो. आणि दिवा लावतो. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ यंत्रणा जळाली असा नाही. बहुतेक वेळा अर्थ इतकाच की कॉम्प्युटरला मिळणारी एखादी माहिती पटत नाही.

हे फार नवं तंत्र नाही. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस बॉश कंपनीने १९७८ साली मोटारींसाठी बाजारात आणलं. गाडी आडवी होऊ लागली तर सावरणारी ईएसपी १९९५ साली आली. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. ट्रॅक्शन कंट्रोल तेव्हा सक्तीचं नव्हतं, पण हळूहळू साध्या घरातल्या गाड्यांतही आलं. २०२२ साली आलेल्या नव्या अर्टिगात ईएसपी सगळ्याच प्रकारांत दिली आहे. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, ईएसपी, तिघांचे चाकाचे सेन्सर तेच आणि ब्रेकचा संचही तोच. म्हणून एक सेन्सर बिघडला की दोन-तीन दिवे एकदम पेटतात आणि माणूस घाबरतो, की सगळंच गेलं.

आता दिवा वाचायला शिकू. गाडीला चावी फिरवली की हा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. ती त्याची हजेरी. चालवताना, ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर, तो लुकलुकला आणि गेला, तर यंत्रणा आपलं काम करत होती. तो बिघाड नाही, ड्रायव्हरने हळू जावं एवढाच त्याचा निरोप. दिव्याखाली ऑफ अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर कोणीतरी बटण दाबून यंत्रणा बंद केली आहे. हे बटण डॅशबोर्डवर असतं, पोरं खेळताना दाबतात, गाडी धुताना फडकं लागतं. पुन्हा दाबलं की काम झालं. अशा दिव्यासाठीही लोक गाडी गॅरेजात घेऊन गेलेले मला माहीत आहेत.

दिवा लागला आणि स्थिर राहिला, तर मात्र बिघाड आहे. तेव्हा सोबत आणखी कोणते दिवे आहेत ते बघा, आणि मोबाईलने डॅशबोर्डचा फोटो काढा. हा फोटो फार कामाचा आहे, कारण गॅरेजपर्यंत जाताना दिवा कधी कधी विझतो आणि मग मेकॅनिक म्हणतो, मला तर काही दिसत नाही. ट्रॅक्शनच्या दिव्यासोबत एबीएसचा दिवा असेल तर संशय चाकाच्या सेन्सरवर आणि त्याच्या वायरवर. सोबत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा असेल तर मूळ दुखणं बहुधा इंजिनात आहे. इंजिनाचा जोर कमी-जास्त करता येत नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल काम करूच शकत नाही, म्हणून ते स्वतःला बंद करून घेतं. अशा वेळी आधी इंजिनाचा दोष काढायचा, ट्रॅक्शनचा दिवा बहुतेक वेळा त्याच्याबरोबर जातो. आणि सोबत लाल रंगाचा, गोलात उद्गारचिन्ह असलेला दिवा असेल, आणि हँडब्रेक सोडूनही तो जात नसेल, तर गाडी चालवायची नाही. तो साध्या ब्रेकचा दिवा आहे. ब्रेक ऑईल कमी झालं असेल, कुठे गळत असेल. बॉनेट उघडून ब्रेक ऑईलच्या डब्यावरच्या खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये तेल आहे का ते बघा. नसेल तर मेकॅनिकला गाडीजवळ बोलवा, गाडी त्याच्याकडे नेऊ नका.

गॅरेजला जायच्या आधी घरी बघता येतील अशा चार गोष्टी आहेत, त्यांना पाना-पकड लागत नाही. गाडी सपाट जागेवर, चावी काढलेली, चाकांना दगड लावलेले. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही, ते काम मेकॅनिकचं.

सगळ्यात आधी टायर. टायरच्या बाजूवर आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५. चारही टायरांवर तेच आकडे हवेत. आपल्याकडे पंक्चर झालं की स्टेपनी लावायची आणि महिनोन् महिने तीच फिरवायची, ही सवय आहे. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर घोळ होतो. हिशेब सांगते. या मापाचा नवा टायर एका किलोमीटरला साधारण ५१२ फेरे घेतो. तोच टायर झिजून गोटा झाला की त्याची जाडी सहाएक मिलिमीटर कमी होते, आणि फेरे वाढून ५२२ च्या आसपास जातात. किलोमीटरमागे दहा फेरे. कॉम्प्युटर एवढा फरक चालवून घेतो, पण माप वेगळं, त्यात एक टायर नवा, एक गोटा, एकात हवा कमी, असं सगळं एकत्र आलं की त्याला वाटतं एक चाक सारखं घसरतंय. हवेचा योग्य आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. हवा भरायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, पडले तरी चहाएवढे. ही तपासणी पहिली करा.

मग बॅटरी. बॅटरी कमजोर असेल तर सकाळी गाडी सुरू करताना व्होल्टेज इतकं पडतं की हे नाजूक कॉम्प्युटर गोंधळतात आणि दोन-तीन दिवे एकदम लागतात. गाडी बंद करून एक मिनिट थांबा, पुन्हा सुरू करा. दिवा गेला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा आला, तर बॅटरीवर संशय घ्या. बॅटरीच्या दुकानात मीटर लावून बघतात. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ च्या आसपास, आणि इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. नवी बॅटरी बसवल्यावर लगेच हा दिवा लागला तर तो वेगळा प्रकार. वायर काढल्यावर स्टिअरिंगचा सेन्सर आपली सरळ रेघ विसरतो. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि गाडी थोडी सरळ चालवली की त्याला आठवतं आणि दिवा विझतो. काही गाड्यांत हे काम स्कॅनर लावून करावं लागतं.

तिसरी गोष्ट मागचे ब्रेकलाईट. एकीने ब्रेक दाबायचा, दुसरीने मागे उभं राहून बघायचं. दिवे लागत नसतील, किंवा पाय काढल्यावरही विझत नसतील, तर ब्रेकच्या पायाशी असलेला छोटा स्विच गेलेला असू शकतो. ड्रायव्हर ब्रेक दाबतोय की नाही हे कॉम्प्युटरला त्या स्विचवरून कळतं, त्यामुळे स्विच बिघडला की काही गाड्यांत ट्रॅक्शनचा दिवाही लागतो. हा भाग स्वस्त आहे.

चौथी गोष्ट चाकामागची वायर. पुढचं चाक पूर्ण वळवून उभं केलं की आतल्या बाजूला सेन्सरकडे जाणारी बारीक काळी वायर दिसते. ती लोंबत्ये का, टायरला घासत्ये का, कुरतडलेली आहे का, एवढं डोळ्याने बघा. आपल्या भागात तिच्या जिवावर उठणारे खूप आहेत. पेंढ्याच्या उडव्याशेजारी गाडी उभी केली की उंदीर आहेतच. चिंचणी, नरपड, बोर्डी, घोलवड, झाई या पट्ट्यात समुद्राचा खारा वारा वायरच्या जोडात शिरतो आणि आतल्या पिना हिरवट पडतात. आणि मासळी! बाजारला नेणाऱ्या टोपल्यांचं खारं पाणी गाडीत मागे सांडतं, खाली झिरपतं, वायरिंगमध्ये जातं. खाली जाड प्लॅस्टिक अंथरायला किती खर्च येतो? तलासरीकडच्या, आतल्या रस्त्यांच्या गाड्यांना मिठापेक्षा चिखलाचा त्रास. सुकलेला चिखल आणि लोखंडाची बारीक कीस त्या एक मिलिमीटरच्या फटीत जाऊन बसते.

यातल्या एका खुणेकडे खास लक्ष द्या. कोरड्या रस्त्यावर, अगदी हळू थांबताना, ब्रेकच्या पायाखाली गुरगुर जाणवते का? जोरात ब्रेक न दाबताही? तसं असेल तर एखाद्या चाकाचे ठोके कमी वेगात गळतायत आणि एबीएस उगाच जागं होतंय. कड्याला गंजून चीर गेली असेल किंवा सेन्सरवर घाण साचली असेल. ड्रायव्हरला विचारा, त्याला हे आधीपासून माहीत असतं, तो बोलत नाही.

आणि हेही विचारा की दिवा लागायच्या आधी कोणतं काम करून घेतलं होतं. शॉकअप बदलले? ब्रेकचे पॅड? चाकाचं बेअरिंग? मी मघाशी चुंबकाच्या पट्टीचं म्हटलं. ती पट्टी बेअरिंगच्या एकाच बाजूला असते. बेअरिंग उलटं बसवलं तर चाक छान फिरतं, आवाज नाही, पण सेन्सरसमोर पट्टीच नसते. गाडी गॅरेजातून निघते आणि थोड्याच अंतरावर दिवा लागतो. अशा वेळी नवा सेन्सर टाकून काहीच होणार नाही.

तलासरी तालुक्यातल्या एका गटात काय झालं ते सांगते, नावं नको. ताईच्या घरची अर्टिगा, भाड्याने चालायची. पावसाळ्याच्या शेवटी ट्रॅक्शन आणि एबीएस असे दोन दिवे लागले आणि राहिले. पहिल्या गॅरेजात सांगितलं, "बेन, एबीएसचं मॉड्युल गेलं. अडतीस हजार." ताईने गटाकडे तातडीचं कर्ज मागितलं. त्याच महिन्यात त्याच पैशातून दुसऱ्या एकीला मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी द्यायचं ठरलेलं. बैठकीत दोघी समोरासमोर बसलेल्या, कोणी कोणाकडे बघेना. तेव्हा गटाच्या कोषाध्यक्ष ताईने एक प्रश्न विचारला, आणि तो मला फार आवडला. "कोणतं चाक बिघडलंय म्हणाले ते?" कोणालाच सांगता येईना. तिने तिथूनच गॅरेजला फोन लावला. "भाऊ, कोड कोणता आला?" तेव्हा कळलं की त्यांच्याकडे फक्त इंजिनाचा कोड वाचणारा छोटा स्कॅनर होता. त्यात एबीएसचं काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी अनुभवावरून मॉड्युल म्हटलं. लबाडी होती असं मी म्हणणार नाही. हत्यार नव्हतं.

मग गाडी एबीएस वाचणारा स्कॅनर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. कोड मागच्या डाव्या चाकाचा आला. त्याने शेजारी बसून गाडी वीसच्या वेगाने चालवायला लावली आणि स्कॅनरवर चारही चाकांचा वेग बघितला. तीन चाकं वीस दाखवत होती, मागचं डावं शून्य. चाक काढल्यावर दिसलं की वायर धरून ठेवणारी क्लिपच नाही, मागचे शॉकअप बदलताना ती परत बसवली नव्हती. वायर लोंबून टायरला घासली आणि आतून तुटली. जोड दिला, वर आवरण चढवलं, क्लिप बसवली. सातशे रुपये झाले. जोड दिलेली वायर जन्मभर टिकेल असं नाही, पुढे सेन्सर वायरसकट बदलावा लागेल, पण तो काही हजारांचा खर्च आहे, अडतीस नाही. नर्सिंगची फी वेळेवर गेली.

तर स्कॅनरबद्दल थोडं. ऑनलाईन मिळणारा स्वस्त स्कॅनर आणि मोबाईलचं ॲप बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड वाचतं, ते इंग्रजी पी अक्षराने सुरू होतात. ब्रेक आणि ट्रॅक्शनचे कोड सी अक्षराने सुरू होतात. सर्वसाधारण पद्धतीत सी ००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं, सी ००५० मागचं उजवं. कंपन्या स्वतःचेही वेगळे कोड वापरतात, म्हणून कोडचा अर्थ त्या गाडीपुरता विचारून घ्यायचा आणि वहीत लिहायचा.

पण कोड म्हणजे निदान नव्हे. अंगात ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉईड ते रक्त तपासल्यावर कळतं. "मागच्या डाव्या चाकाकडून माहिती येत नाही" एवढंच कोड सांगतो. सेन्सर गेला, वायर तुटली, पिना गंजल्या, कडं फुटलं, बेअरिंग उलटं बसलं, यातलं काहीही असू शकतं. चांगला मेकॅनिक आधी चाक काढून साफ करतो, वायर हलवून बघतो, सेन्सरपर्यंत वीज पोचते का ते मीटरने बघतो. ज्या गाडीत डावा-उजवा सेन्सर सारखाच असतो तिथे एक सोपी युक्ती आहे. दोघांची अदलाबदल करायची. दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या चाकाकडे गेला तर सेन्सर खराब. दोष जिथल्या तिथे राहिला तर सेन्सर चांगला, वायर किंवा कडं बघा. नवा भाग विकत घ्यायच्या आधी एवढं करायला लावा.

मॉड्युल, म्हणजे ब्रेकच्या नळ्या जोडलेला तो मोठा संच, कधी जातच नाही असं नाही. पुरात गाडी उभी राहिली, पाणी शिरलं, तर जातो. पण तो सगळ्यात शेवटचा संशयित. त्याचं नाव आलं तर दोन प्रश्न विचारा: त्याचा फ्यूज बघितला का, आणि त्याला वीज आणि अर्थिंग नीट पोचते का ते मीटरने तपासलं का. उत्तर "हो" असेल तर आपल्यासमोर पुन्हा दाखवायला सांगा. राग आला तर येऊ दे.

दिवा लागलेला असताना गाडी चालवायची का? फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात, गाडी चालते. पण एबीएसही बंद असेल तर ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं जाम होतील आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच घसरेल. सायवन-उधव्याच्या चढउतारांवर, जव्हारच्या वाटेवर, हायवेवर कंटेनरच्या मागे, अंतर दुप्पट ठेवा. रात्रीची लांबची फेरी टाळा. सातवा-आठवा माणूस कोंबणं तर बंदच करा, दिवा असो नसो.

यंत्रणा शाबूत असली तरी ती वेगाला माफी देत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच चारोटीला, सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती. मागच्या सीटवर बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. आपल्या गाड्यांत मागचे पट्टे सीटखाली दाबून टाकलेले असतात. बाहेर काढा ते, धुवा.

उलट बाजूची एक गोष्ट. गाडी चिखलात किंवा बोर्डीच्या वाळूत रुतली आणि एक्सिलरेटर दाबूनही इंजिन जोरच देत नसेल, तर ट्रॅक्शन कंट्रोल आडवं येतंय. चाक फिरायला लागलं की ते जोर काढून घेतं, आणि रुतलेल्या गाडीला बाहेर यायला थोडं चाक फिरावंच लागतं. अशा वेळी ऑफचं बटण दाबा, चाकाखाली फांद्या किंवा गोणपाट घाला, हळू हळू बाहेर या, आणि पक्क्या रस्त्यावर आल्यावर बटण पुन्हा दाबा. त्यासाठीच ते बटण दिलं आहे.

सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा चावी फिरवून इंजिन सुरू न करता डॅशबोर्डकडे बघा. एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि नंतर विझला पाहिजे. ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत त्याचाही. दिवा लागलाच नाही, तर कोणीतरी तो तोडला आहे किंवा वरून काळी पट्टी चिकटवली आहे, आणि मागे बिघाड लपलेला आहे. सौदा तिथेच थांबवा, आधी स्कॅनर लावा.

दुरुस्ती झाल्यावर जुना भाग मागून घ्या आणि बिलावर कोणतं चाक, कोणता कोड, काय बदललं ते लिहून घ्या. स्कॅनरने कोड पुसला की दिवा विझतोच, दोष गेला असो वा नसो. पुष्कळ गाड्यांत चाकं थोडी फिरल्यावरच यंत्रणा स्वतःला तपासते. म्हणून पैसे देण्याआधी गाडी दोन-तीन किलोमीटर चालवा, दोन्ही बाजूंना वळवा, दोनदा थांबवा, बंद करून पुन्हा सुरू करा. दिवा हजेरी लावून विझला, तर पैसे द्या.